कर कोण भरतं आणि कोणी भरावा?

महिनाअखेरीस सॅलरी स्लिप हातात आली की कपातींच्या रकान्यात ‘पी.टी.’ अशी एक ओळ दिसते. महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांचे तिथे २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. पगार बरा असेल तर शेजारी आयकराची मोठी रक्कम असते. ती पाहिली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘कर भरतो आम्ही मोजके लोक. रस्ते, दवाखाने, शाळा, सवलती मात्र सगळ्यांना. हा कुठला न्याय?’

हा प्रश्न विचारणाऱ्याला स्वार्थी ठरवून गप्प करणं बरोबर नाही. घामाच्या पैशातून काही कापलं जात असेल, तर हिशेब मागण्याचा हक्क त्याला आहेच. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कर खरोखर कोण भरतं, हा पहिला आणि कोणी भरायला हवा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आकड्यांत मिळतं. दुसऱ्यासाठी आपल्याला न्याय कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं.

१. कर न भरणारा कोण?

कर दोन वाटांनी गोळा होतो. आयकर थेट आपल्या नावावर कापला जातो, म्हणून तो प्रत्यक्ष कर. दुसरा वस्तूच्या किमतीतच मिसळलेला असतो. दुकानदार तो आपल्याकडून घेतो आणि सरकारजमा करतो. हा अप्रत्यक्ष कर. जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, परदेशी मालावरचं सीमाशुल्क हे सगळे या दुसऱ्या प्रकारातले.

घरकाम करणाऱ्या बाईंनी मोबाइलवर ३०० रुपयांचा रिचार्ज मारला, की त्यातले सुमारे ४६ रुपये १८ टक्के जीएसटीचे असतात. त्यांच्या नावाचं आयकर विवरणपत्र कुठेही नाही, पण त्यांनी कर भरला. त्यांच्या गावच्या शेतात ट्रॅक्टर फिरतो, त्याच्या डिझेलवर कर आहे. मुलाच्या चपलेवर आहे, अंगाच्या साबणावर आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत साबणावर, केसांच्या तेलावर आणि टूथपेस्टवर १८ टक्के जीएसटी होता, तो नंतर ५ टक्क्यांवर आला. म्हणजे साबण-तेलासारख्या रोजच्या वस्तूंवर कित्येक वर्षं गरिबातला गरीबही अठरा टक्क्यांनी कर देत होता.

देशात आयकराची विवरणपत्रं साधारण आठ-नऊ कोटी लोक भरतात आणि त्यांतल्या मोठ्या भागाचा देय कर शून्य निघतो. ‘मोजके लोक’ ही समजूत इथून येते, आणि आयकरापुरती ती खरीही आहे. पण केंद्र सरकारच्या तिजोरीत येणारा एक रुपया उलगडून पाहा. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पानुसार त्यात आयकराचे २२ पैसे आहेत. जीएसटी व इतर करांचे १८, उत्पादन शुल्काचे ५ आणि सीमाशुल्काचे ४, असे मिळून २७ पैसे होतात. कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराचे १७, कर्जाचे २४, बाकीचे करेतर. राज्य सरकारचा जीएसटी, व्हॅट आणि दारूवरचं शुल्क यात धरलेलंच नाही. बाजारात उभा राहणारा प्रत्येक जण करदाता आहे.

२. रक्कम आणि वाटा

‘भरत असतील, पण आमच्याइतका नाही,’ असं यावर म्हटलं जाईल. रुपयांत मोजलं तर ते बरोबर आहे. पण कराचं ओझं रुपयांत मोजायचं की मिळकतीतल्या वाट्यात?

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीच्या वॉचमनला महिना १५,००० रुपये मिळतात. त्यातले ९,००० कर असलेल्या वस्तूंवर जातात आणि त्यांच्या किमतीत सरासरी दहा टक्के कर आहे. म्हणजे ९०० रुपये, मिळकतीच्या ६ टक्के. त्याच सोसायटीत राहणाऱ्या इंजिनीअरला २ लाख मिळतात. तो अशा वस्तूंवर ६०,००० खर्च करतो, बाकीचे हप्त्यांत आणि बचतीत जातात. त्याचा अप्रत्यक्ष कर ६,००० रुपये, मिळकतीच्या ३ टक्के. रक्कम जवळपास सातपट, वाटा निम्मा.

आता इंजिनीअरचा आयकर धरू. वर्षाचे २४ लाख, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन २३ लाख २५ हजार. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वरचा दर सगळ्या उत्पन्नाला लागत नाही, त्या-त्या टप्प्यापुरताच लागतो. २०२५–२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, मग १५ टक्क्यांनी ६०,०००, २० टक्क्यांनी ८०,००० आणि उरलेल्या सव्वातीन लाखांवर २५ टक्क्यांनी ८१,२५०. बेरीज २,८१,२५०. त्यावर ४ टक्के उपकर धरून २,९२,५००. वर्षाच्या मिळकतीच्या साधारण १२ टक्के.

दोन्ही कर मिळून इंजिनीअरचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास जातो, वॉचमनचा ६ वर राहतो. इंजिनीअर रकमेनेही जास्त भरतो आणि वाट्यानेही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण हे घडतं ते केवळ आयकरामुळे. आयकर काढून टाका, की वॉचमनचा वाटा इंजिनीअरच्या दुप्पट होतो.

हा मुद्दा महाराष्ट्राला नवा नाही. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानाने दाखवत होतं. ही शिल्लक म्हणजे दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला पैसा आहे, असं गोखल्यांनी आकड्यांनिशी मांडलं. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. राजा असो वा मजूर, माणूस मीठ साधारण सारखंच खातो, त्यामुळे त्याचं खरं ओझं मजुरावर पडायचं. पुढच्याच वर्षी मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि आयकरातून सुटणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०० वरून १,००० रुपये झाली.

३. जत्रेची वर्गणी

आता दुसरा प्रश्न. गावची जत्रा भरवायची आहे, खर्च दोन लाख. वर्गणी कशी काढायची? एक जण म्हणतो, घरटी सारखी. दुसरा म्हणतो, एकरी काढा. कालव्याखाली दहा एकर ऊस असलेल्याने आणि दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याने एकच रक्कम देणं बरं दिसत नाही. तिसरा म्हणतो, जत्रेत पैसे कमावतात ते पाळणेवाले आणि मिठाईवाले, त्यांच्याकडून जागेचं भाडं घ्या.

करांबद्दलचा जगभरातला वाद फिरून या तीन सूचनांवरच येतो. डोईमागे सारखा, कुवतीप्रमाणे किंवा लाभाप्रमाणे. गावं सहसा तिन्हींची मोट बांधतात आणि देशही तेच करतात. माझं मत कुवतीच्या बाजूचं आहे. कारण सरळ आहे. वॉचमनच्या ९०० रुपयांत त्याच्या घरचं पंधरा दिवसांचं दूध असतं. इंजिनीअरच्या हजारो रुपयांत असं पोटाचं काही नसतं.

लाभाचं तत्त्वही गरिबांच्या बाजूने उभं राहू शकतं, हे जोतीराव फुल्यांनी दाखवलं. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, खेड्यातली प्राथमिक शाळा कोरडीच राहते, हा त्यांचा आक्षेप होता. पैसा कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवायची ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. नुसता पहिला हिशेब मांडून न्याय-अन्याय ठरवता येत नाही.

४. दुष्काळी कामं आणि मुंबईचा पगार

पगारपत्रकावरच्या ‘पी.टी.’चा जन्म या दोन हिशेबांच्या मेळातून झाला आहे. आपल्या राज्यातल्या करांच्या इतिहासात मला हे पान सर्वांत मोलाचं वाटतं.

विधान परिषदेचे त्या काळचे सभापती वि. स. पागे हे मूळचे सांगली जिल्ह्यातले. हाताला काम मागणाऱ्या गावातल्या माणसाला सरकारने काम दिलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेवर छोटा प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं गेली. माणसं खडी फोडायला आणि तलावांची माती वाहायला बाहेर पडली, दुपारी हातावर सुकडी पडू लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. एवढ्या लोकांना काम देता येतं हे त्या उन्हाळ्याने सिद्ध केलं, आणि पाऊस पडल्यावरही ही हमी कायम ठेवायची असं राज्याने ठरवलं. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मजुराने काम मागायचं आणि सरकारला ते द्यावंच लागायचं. मागणं हा त्याचा हक्क झाला.

हक्क दिला की खर्चाची सोय करावी लागते. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला तो मुख्यतः यासाठीच. हाच आपला ‘पी.टी.’. मुंबईतला बँकेतला कारकून, कापड गिरणीतला कामगार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्याकडून थोडा पैसा घ्यायचा आणि तो बीड, सोलापूर, अहमदनगरकडच्या मजुराच्या हजेरीपटावर पोचवायचा. जोडीला मोटार वाहन कर आणि विक्रीकरावर अधिभार, ओलिताखालच्या जमिनीवर विशेष आकार, शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर उपकर. दुकानाच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘रोजगार हमी’ म्हणून वेगळी ओळ असते, ती याच काळची. या करांतून जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असंही ठरलं.

शहराने यासाठी पैसे का द्यायचे? पहिलं कारण कुवतीचं. दुष्काळात गावाकडे कर द्यायला काही नव्हतं, नियमित पगार शहरात होता. दुसरं कारण लाभाचं. गावात काम नसलं की माणूस मुंबई-पुण्याची गाडी पकडतो आणि फुटपाथवर किंवा नाल्याकाठी आसरा शोधतो. गावातच काम मिळालं तर त्याचं घर मोडत नाही आणि शहरावरचा भारही हलका होतो. त्यातही त्या कारकुनाचे आई-वडील बहुधा त्याच गावात असत. कर पगारातून जायचा, पण ज्या रस्त्यावर तो खर्च व्हायचा तो त्याच्याच वाडीला जाणारा असू शकत होता.

या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने होत्या. स्वतःच्या नावाची मजुरी त्यांतल्या कित्येकींच्या हातात पहिल्यांदा आली. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, गावरस्ते उभे राहिले. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावायला सुरुवात झाली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आंबा, डाळिंब, बोर आलं त्यात तिचा हिस्सा आहे. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

फुल्यांचा दुसरा हिशेब इथेही लावायला हवा. पाझर तलावाची माती भूमिहीन बाईने वाहिली. पाणी मात्र तलावाखाली ज्याची जमीन त्याच्या विहिरीला लागलं. तिला मजुरी मिळाली, त्याला कायमचा लाभ. याला वेगळं उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून शोधलं. तिथे पाणी एकरावर न वाटता माणशी वाटलं, भूमिहीनाचाही हिस्सा मानला. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामांत लाभ कसा वाटायचा हे आधीच ठरवता येतं, याचा तो खणखणीत पुरावा आहे.

५. एकाच जागी थांबलेले अडीच हजार

ज्या कराचं एवढं कौतुक केलं, तोच आज अन्यायाचा नमुना झाला आहे.

महिना ७,५०० रुपयांपर्यंत पगार असलेल्या पुरुषाला व्यवसाय कर माफ आहे, १०,००० पर्यंत १७५ रुपये आणि पुढे सरसकट २००. फेब्रुवारीतले ३०० धरून वर्षाला २,५००. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत माफी आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. आता ११,००० रुपयांवर राबणारा हॉटेलातला कामगार घ्या. त्याच्या वर्षाच्या मिळकतीतून १.९ टक्के जातात. ३ लाख पगार घेणारा व्यवस्थापकही २,५०० च देतो, म्हणजे ०.०७ टक्के. ही घरटी सारखी वर्गणी झाली.

असं का? आयकर हा केंद्राचा प्रांत. राज्यांनी व्यवसाय कराच्या नावाखाली दुसरा आयकर सुरू करू नये, म्हणून राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने त्याला कमाल मर्यादा घातली. सुरुवातीला ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि आजवर तिथेच आहे. त्या काळात, चौथ्या वेतन आयोगानुसार, केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचं किमान मूळ वेतन महिना ७५० रुपये होतं. सातव्या आयोगाने ते १८,००० केलं. पगार चोवीसपट झाला, मर्यादा जागची हलली नाही. त्यामुळे वरच्या पगारदाराचं ओझं दरवर्षी घटत गेलं आणि खालचे कामगार, रुपयाचं मोल उतरल्यामुळे, एकेक करत कराच्या जाळ्यात आले.

मर्यादा वाढवायची तर घटनादुरुस्ती लागते, ते राज्याच्या हातात नाही. पण ७,५०० चा उंबरठा वाढवणं पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. स्त्रियांसाठी तो वाढवला तसा पुरुष मजुरांसाठीही वाढवायला हवा.

६. वापरेल त्याने भरावं?

प्रत्येक सेवेची किंमत वापरणाऱ्याकडून घ्यावी, असं एक आकर्षक उत्तर दिलं जातं. द्रुतगती मार्गावरच्या टोलला ते शोभतं. मोटारीतून तीन तासांत मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याने त्या सोयीचे पैसे द्यावेत. पण हाच नियम दवाखान्याला लावला तर आजारी माणसावरच कर बसतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. केसपेपरची रक्कम किरकोळ होती, पण एस.टी.चं भाडं, बुडालेला रोज आणि त्यावर हे, असा हिशेब करून ताप अंगावर काढणारी माणसं असतात. त्यांचा क्षयरोग वेळेत सापडला नाही तर तो शेजारच्या घरात जातो. म्हणून माझ्या मते लसीकरण, प्राथमिक शाळा आणि दवाखाना यांचा खर्च करातूनच व्हायला हवा.

मधल्या जागी खरी ओढाताण होते. एस.टी.त मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, आणि या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. कॉलेजला जाणारी मुलगी आणि बाजाराला भाजी नेणारी बाई यांच्यासाठी मला हा खर्च योग्य वाटतो. अट एकच, भरपाई वेळेवर पोचायला हवी. ती रखडली की सवलतीची किंमत मोडक्या बसमधले प्रवासी आणि पगाराची वाट पाहणारे चालक-वाहक मोजतात.

सवलत देताना चुकीचं माप धरलं तर काय होतं, ते मुंबईत दिसतं. १ जानेवारी २०२२ पासून महापालिका हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. चाळीतल्या आणि छोट्या सदनिकांतल्या लाखो कुटुंबांना त्याचा आधार मिळाला, तो हवाच होता. पण चौरस फूट हे कुवतीचं माप नाही. प्रभादेवीतलं ४८० फुटांचं कोट्यवधींचं घर सुटतं आणि मानखुर्दमधलं ५२० फुटांचं घर अडकतं. मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. माफीची रेषाही त्याच मूल्यावर आखता आली असती.

७. पगार, शेअर आणि वारसा

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, याचा राग शहरात बराच असतो. घटनेने तो विषय राज्यांकडे ठेवला आहे. राज्यातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांकडे दोन हेक्टरही जमीन नाही. कर लावला तरी त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या खालीच राहील. या सवलतीचा मोठा फायदा मिळतो तो दुसरीकडची कमाई शेतीची म्हणून दाखवणाऱ्यांना. तपास तिथे व्हायला हवा.

त्याहून मोठी विषमता पगार आणि मालमत्ता यांच्यात आहे. २४ लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या नोकरदाराने आणखी १० लाख पगार मिळवला, तर त्यावर ३० टक्क्यांनी ३ लाख कर. तेच १० लाख, वर्षाहून जास्त ठेवलेले शेअर विकून नफा म्हणून मिळाले, तर पहिले सव्वा लाख सुटतात आणि बाकीच्यावर साडेबारा टक्क्यांनी १,०९,३७५. उपकर दोन्हीकडे वेगळा. गुंतवणुकीत जोखीम असते, हे खरं. पण कुवत दोघांची सारखीच वाढली, आणि कामावर रोज जाणाऱ्याचा कर पावणेतीनपट आहे.

वारशाने मिळालेल्या संपत्तीवर तर काहीच नाही. १९५३ पासून मृत व्यक्तीच्या मोठ्या मालमत्तेवर संपदा शुल्क होतं, ते १९८५ साली रद्द झालं. संपत्ती करही २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला आणि त्याऐवजी अतिश्रीमंतांच्या आयकरावर अधिभार वाढला. ज्याच्याकडे कोट्यवधींची मालमत्ता आहे पण वर्षाचं दाखवण्याजोगं उत्पन्न कमी, तो त्यातून निसटतो.

वारसा कर पुन्हा आणावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याची मर्यादा इतकी उंच हवी, की बापाने कष्टाने घेतलेलं राहतं घर, वडिलोपार्जित शेत आणि छोटं दुकान त्यात येणारच नाही. संपदा शुल्क रद्द करताना कारण दिलं गेलं होतं ते हाती येणाऱ्या थोड्या रकमेचं आणि वसुलीच्या कटकटीचं. तेव्हा मालमत्तेच्या नोंदी कागदी दप्तरांत होत्या, शेअर कागदाच्या प्रमाणपत्रांवर होते आणि कोणाचं काय आहे हे शोधण्यातच वर्षं जात. आज दस्तांची नोंदणी संगणकावर होते, शेअर डिमॅट खात्यात असतात आणि खातं पॅनशी जोडलेलं असतं. १९८५ चं कारण आता उरलेलं नाही.